नोंदवहीतल्या त्या एका ओळीसाठी

आदरणीय काका,

क्लबमध्ये सगळे तुम्हाला 'सर' म्हणतात, तुमच्या बॅजवरही 'सचिव' असं लिहिलेलं आहे. पण माझ्या लेकीनं घरी येईपर्यंत तुमचं नाव 'पेनवाले काका' ठेवून टाकलं होतं, म्हणून मीही काकाच म्हणते. राग मानू नका.

तुमच्या क्लबच्या ज्या सभेत मी बोलायला आले, तिला नऊ दिवस झाले. खरं तर आभार त्याच संध्याकाळी मानायचे होते. तुम्ही फाटकापर्यंत सोडायला आलात, तेव्हा माझ्या तोंडून 'येते' एवढंच निघालं. पुढे बोलले असते तर रडू आलं असतं, आणि लेकीसमोर मला रडायचं नव्हतं. हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते त्या खोलीतल्या बहुतेकांच्या लक्षातही आलं नसेल.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर इतक्या छोट्या गोष्टीचं मला एवढं काय वाटलं, ते कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेनं आम्हाला असंच बोलावलं होतं. नाव घेत नाही. त्यांचं रक्तदान शिबिर होतं. 'मुलीला आणा, लोकांना प्रेरणा मिळेल,' म्हणाले. लेक तेव्हा आठ वर्षांची. तिला थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार आहे, ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागतं. तिला कुणी काही विचारलं नाही, थेट हात धरून व्यासपीठावर नेलं. हार घातला. माईकवरून तिची ओळख करून दिली, 'मृत्यूशी झुंज देणारी ही चिमुकली.' टाळ्या झाल्या, फोटो झाले. परतताना रिक्षात तिनं मला हळूच विचारलं, 'आई, मी मरणार आहे का?'

त्या रात्री तिला कसं झोपवलं ते माझं मला ठाऊक. त्यांनी कबूल केलेली मदत पुढे आली नाही, दोन महिन्यांनी फोन उचलणंही बंद झालं, पण त्याचं मला फारसं दुःख नाही. पैशांची सोय आम्ही कशीबशी केली. तो प्रश्न मात्र तीन वर्षं आमच्या घरात राहायला आला. रक्त चढवायच्या आदल्या रात्री ती गप्प व्हायची. समारंभ म्हटलं की पोटात दुखतंय म्हणायची. दुसऱ्याच्या लेकराला पोस्टर करणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायची घाईही नाही.

म्हणून तुमच्या क्लबकडून पाहुणी वक्ता म्हणून निमंत्रण आलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. तुम्ही फोनवर म्हणालात, 'तुम्ही एकट्या या. मुलीला आणायचं की नाही ते तिला विचारा.' तिला विचारा! अकरा वर्षांच्या आयुष्यात तिच्याबद्दल असं पहिल्यांदा कुणी म्हणालं. मी तिला विचारलं. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, 'मी मागे बसेन.'

आदल्याच दिवशी तिला रक्त चढवलं होतं. त्या दिवशी शीर सापडेना, चार ठिकाणी टोचलं. उजव्या हाताच्या पाठीवर सूज आणि वर पट्टी. दाराशी टेबलावर तुमची पाहुण्यांची नोंदवही होती. मी सही केली आणि पुढे सरकले, कारण मोठ्यांच्या वहीत मुलांचं नाव कोण लिहितं? मागे वळून पाहते तर तुम्ही वही तिच्याकडे फिरवलेली. खिशातलं पेन काढलंत, टोपण स्वतः उघडलंत, ते पेनाच्या मागच्या टोकाला लावलंत आणि मग तिच्या हातात दिलंत. पट्टीकडे पाहिलंत, हे मला दिसलं. पण 'काय झालं बाळा हाताला' असं तुम्ही विचारलं नाहीत. 'अरेरे' म्हणाला नाहीत. फक्त टोपण काढून दिलंत.

तिनं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात 'व्यवसाय' होतं, तिथे ती अडली. 'इथे काय लिहू?' तुम्ही खुर्ची ओढून तिच्या उंचीला बसलात आणि विचारलंत, 'दिवसभर काय करतेस?'

'शाळेत जाते. आणि चित्रं काढते.'

'मग तेच लिही की.'

तिनं सावकाश लिहिलं, 'विद्यार्थिनी, चित्रकार'. हात दुखत होता, अक्षर तिरकं गेलं. तुमच्या मागे चार-पाच सदस्य खोळंबले होते, अध्यक्ष घंटा वाजवायच्या तयारीत होते. तुम्ही हलला नाहीत. तिनं सही पूर्ण केली, खाली रेघ ओढली, मगच तुम्ही उठलात.

आणि मग सभेत, पाहुण्यांचं स्वागत करताना, तुम्ही वहीत पाहून जसंच्या तसं वाचलंत. माझं नाव, मग तिचं नाव, 'विद्यार्थिनी आणि चित्रकार'. बस. पुढे एक शब्द नाही. लोकांनी इतर पाहुण्यांसाठी वाजवल्या तेवढ्याच टाळ्या तिच्यासाठी वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं. ती ताठ बसली होती. काका, तिच्या फाइलवर, कार्डावर, हातातल्या पट्ट्यावर, सगळीकडे तिच्या नावापुढे 'रुग्ण' लिहिलेलं असतं, नाहीतर रक्तगट. तिनं स्वतःविषयी स्वतः लिहिलेलं आणि चारचौघांत वाचलं गेलेलं, हे पहिलंच.

माझ्या भाषणाचं काय सांगू? वीस मिनिटांसाठी कागदावर मुद्दे काढून आणले होते, त्यातले अर्धे विसरले. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही, म्हणून साधारण दोन ते पाच आठवड्यांनी, जन्मभर, दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं, हे सांगितलं. प्रत्येक पिशवीबरोबर 200 मिलिग्रॅमच्या आसपास लोह शरीरात येतं आणि शरीर दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम बाहेर टाकू शकतं. उरलेलं हृदयात, यकृतात साठत जातं. ते काढायला ती लहान असताना पोटाच्या कातडीखाली सुई टोचून रात्रभर औषधाचा पंप लावावा लागायचा, आठ-आठ, दहा-दहा तास. आता गोळ्या आहेत. पंपाबद्दल बोलताना माझा आवाज गेला. खोलीत कुणी चुळबूळ केली नाही, कुणी पाणी घेऊन धावत आलं नाही. सगळे थांबले, आणि मी पुन्हा बोलू लागले. कुणासाठी असं शांतपणे थांबता येणं, हेही सगळ्यांना जमत नाही.

तुमच्या एका सदस्यांनी नंतर विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. ते म्हणाले, 'आम्ही वर्धापनदिनी मोठं शिबिर घेतो, शेकडो पिशव्या जमतात. ते चुकतंय का?' चूक नाही हो, पण लाल पेशी शीतपेटीत फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाच ते सात दिवसच. एका दिवशी आलेला पूर माझ्या लेकीला पुढच्या सुट्टीत उपयोगी पडत नाही. परीक्षा आल्या, सुट्ट्या लागल्या, की दाते आटतात आणि आम्ही आईबाप फोन लावत सुटतो. हे मी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, मान डोलावतील आणि विसरतील. तसंच होतं नेहमी. पण तुम्ही लोकांनी त्याच सभेत मोठं शिबिर मोडून वर्षभरात चार लहान शिबिरं घ्यायचं ठरवलंत, तीही टंचाईच्या दिवसांत. लहान शिबिरात बॅनर मोठा होत नाही, मोठे पाहुणे येत नाहीत. ते माहीत असूनही तुम्ही हात वर केलेत.

सभेआधी मी भीतीपोटी थोडं वाचून आले होते, की अशा क्लबांत पाहुणा वक्ता बोलून खरंच काही होतं का. तेव्हा कळलं की 1925 साली अंध आणि कर्णबधिर लेखिका हेलन केलर लायन्स क्लबांच्या अधिवेशनात बोलायला उभ्या राहिल्या आणि अंधांसाठी लढणारे शिलेदार व्हा, असं त्यांनी सदस्यांना आवाहन केलं. त्यानंतर दृष्टीचं काम हे लायन्सचं कायमचं काम होऊन बसलं. रोटरीनं 1985 मध्ये पोलिओचं काम हाती घेतलं, तेव्हा जगात दरवर्षी लाखो मुलं लुळी पडत होती. ते काम त्यांनी आजतागायत सोडलेलं नाही. फोटोपुरतं आलेलं माणूस एवढी वर्षं टिकत नाही. इतिवृत्त वाचणारे, खुर्च्या मांडणारे, वर्गणीचा हिशेब पै-पै लावणारे लोक टिकतात. तुमच्या खजिनदार ताईंनी गेल्या कार्यक्रमाचा खर्च वाचताना उरलेली किरकोळ रक्कमसुद्धा सांगितली, तेव्हा मला अगदी धीर आला.

आता तुमचे पुढचे कार्यक्रम. जुन्या पुस्तकांची विक्री, सकाळची निधी-फेरी आणि शेवटी संगीत संध्या. निधीतला पहिला वाटा रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या फिल्टरसाठी ठेवलात, हे ऐकून अशा मुलांच्या पालकांचा आमचा गट आहे, त्यातल्या एका आईनं फोनवरच हुंदका दिला. या फिल्टरमुळे रक्त चढवताना येणारा ताप आणि हुडहुडी बरीच कमी होते, आणि ती हुडहुडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. दुसरा वाटा तरुण मुलामुलींच्या तपासणीसाठी, हेही योग्यच. आईवडील दोघंही वाहक, म्हणजे आजाराचं जनुक अंगात बाळगणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, मग कळणार कसं? आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. सायप्रसमध्ये 1970 च्या दशकापासून तपासणी आणि समुपदेशन नेटानं राबवलं, तर असा आजार घेऊन जन्मणारी बाळं जवळजवळ थांबली. आमची तपासणी आधी झाली असती, तर काय, हा विचार मी करत नाही, कारण समोर ती चित्रं काढत बसलेली असते. पण दुसऱ्या कुणाला तरी आधी कळू दे.

पुस्तक-विक्रीसाठी माझ्याकडची दोन खोकी भरून ठेवली आहेत. फेरीत मी चालेन. लेकीला डॉक्टरांनी एवढं चालायची परवानगी दिलेली नाही.

पण ती येणार आहे. तिनं स्वतः सांगितलंय की ती पहिल्या लहान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसेल आणि येणाऱ्या प्रत्येक दात्याचं नाव लिहील. व्यासपीठावर जायचं नाही, हार नको, फोटोचं नंतर ठरवेन, अशा तिच्या अटी आहेत. समारंभाला निघताना पोटात दुखतं म्हणणारी मुलगी टेबल कुठे ठेवणार ते विचारतेय, काका. मला आणखी काय हवं?

तिच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवा. पेनही आणा, पण टोपण या वेळी तिला स्वतः काढायचंय. हाताची सूज उतरली आहे.

तुमची ऋणी,
एक आई