केशवराव भोसले नाट्यगृह: आवाजाचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, आग लागली. छत, रंगमंच आणि खुर्च्या जळाल्या. दगडी दर्शनी भाग मात्र वाचला. नाट्यगृह मूळ स्वरूपातच उभारण्याची ग्वाही शासनाने दिली, हे योग्यच झाले. तथापि पुनर्बांधणीची बरीचशी चर्चा या दर्शनी भागाभोवतीच घुटमळते, म्हणून हे पत्र.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पूर्ण करून घेतलेले हे नाट्यगृह (मूळचे ‘पॅलेस थिएटर’) ध्वनिक्षेपकाच्या आधीच्या काळातले आहे. नटाने विंगेतून पद उचलावे आणि ते शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू जावे, ही त्या काळाची गरज होती. तेव्हा छताची उंची, प्रेक्षागृहाची लांबी-रुंदी आणि रंगमंचाची लाकडी जमीन हेही या वास्तूचे मूळ स्वरूपच आहे. वातानुकूलनाच्या नळ्या लपवण्यासाठी खाली खोटे छत टांगले, पायऱ्यांवर जाड गालिचे अंथरले आणि भिंतींना चकचकीत फरश्या लावल्या, तर बाहेरून जुने दिसणारे नाट्यगृह आतून एखाद्या मंगल कार्यालयासारखे घुमेल किंवा मुके होईल. (अशी नाट्यगृहे आपल्याकडे कमी नाहीत.)

छत सागवानीच हवे, असा हट्ट मात्र नसावा. आगीचा अनुभव ताजा असताना लोखंडी कैच्या (छताचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) वापरून त्यांखाली अग्निरोधक प्रक्रिया केलेले लाकडी अस्तर देणे अधिक शहाणपणाचे ठरेल. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये अग्निरोधक पडदा, रंगमंचावर धूर वर निघून जाण्याची सोय, झालरी-पडद्यांवर ठरावीक मुदतीने अग्निरोधक प्रक्रिया आणि सहज तपासता येईल अशी वायरिंग, या बाबींत मात्र काटकसर चालणार नाही. नेपथ्याचा ट्रक थेट मागच्या दाराला लागेल आणि ज्येष्ठ प्रेक्षकांना पायरी न चढता आत येता येईल, एवढे बदल मूळ रूपाला धक्का न लावता सहज होण्याजोगे आहेत.

महापालिकेने अंतर्गत आराखडे नागरिकांना पाहण्यासाठी खुले करावेत आणि छताचे अस्तर कायम करण्यापूर्वी ध्वनितज्ज्ञांच्या उपस्थितीत, ध्वनिक्षेपकाविना, गायक-नटांकडून आवाजाची चाचणी घ्यावी. त्या चाचणीत त्रुटी आढळल्यास उद्घाटनाची तारीख पुढे ढकलावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नाट्यरसिक, कोल्हापूर