सुमीस पत्र : सोबत बाई हवी

सांगली,
दि. १८ जानेवारी

प्रिय सुमे,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही आणि दोनदा तुझा फोन आला तोही घाईघाईने ठेवला, याची मला मनापासून खंत आहे. इकडे सर्व क्षेम आहे. थंडीमुळे आईंचा गुडघा दुखतो, एवढेच. मंगळवारी जे पाहिले ते चार दिवस मनातून जात नाही, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर लिहायला बसले आहे. ह्यांना सांगून पाहिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी जातील की." 'पुढच्या वर्षी' हे शब्द आपल्याला कोणी आणि केव्हा ऐकवले होते, ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून कळणार आहे?

जूनपासून दर शनिवारी सकाळी मी धाकटीच्या शाळेत गाइडच्या मुलींना गाठी आणि प्रथमोपचार शिकवायला जाते, हे तुला ठाऊक आहेच. त्यांपैकी सहा मुलींचे तृतीय सोपान, म्हणजे गाइडची तिसरी पायरी, पूर्ण झाले होते आणि राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरासाठी त्यांनी सहामाहीपासून तयारी केली होती. नोव्हेंबरात त्यांच्या गाइड कॅप्टन, म्हणजे पथक चालवणाऱ्या शिक्षिका, सेवानिवृत्त झाल्या. त्यांच्या जागी प्रशिक्षण घेतलेली दुसरी शिक्षिका शाळेत नव्हती. एकीचे मूल लहान, दुसरीकडे दहावीचा वर्ग, तिसरीच्या घरी आजारपण. स्काउटमास्तर मात्र होते. त्यामुळे मंगळवारी सकाळी सात वाजता आठ मुलगे गाडीत बसून गेले आणि मुली फाटकाशी उभ्या राहिल्या. मुलींच्या पथकाबरोबर जबाबदार स्त्री असलीच पाहिजे, हा नियम योग्य आहे आणि तो मोडावा असे मी कधीही म्हणणार नाही. पण नियमाने मागितलेली ती एक स्त्री उभी करणे हे मोठ्या माणसांचे काम होते. ते आमच्याकडून झाले नाही आणि त्याचा भुर्दंड मुलींनी भरला.

त्यांची संघनायक हरिपूरची आहे. गाडी गेल्यावर ती पायरीवर बसली. आदल्या दिवशी सरावासाठी तिने दोन काठ्यांना स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे काटकोनातली दोरीची बांधणी, बांधले होते, ते ती सोडू लागली. आधी शेवटची क्लोव्ह हिचची गाठ सोडली, मग एकेक वेढा उलगडला, मग कोपर आणि पंजा यांच्यामध्ये दोरी गुंडाळून तिचे टोक व्यवस्थित आत खोचले. रडणे नाही, रागावणे नाही. दोरी माझ्या हातात देऊन तिने विचारले, "काकू, तुम्ही आला असतात तर चाललं असतं का?" मी म्हणाले, "नाही गं, मी प्रशिक्षण घेतलेलं नाही." सुमे, उत्तर खरे होते, पण मी सात महिने तिथे जात होते आणि तेवढ्या काळात ते प्रशिक्षण घ्यावे असे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते.

आता १९९३ सालाबद्दल लिहिते, कारण ते न लिहिता हे पत्र पुढे जाणार नाही. आपल्या गाइडच्या बाईंना टायफॉइड झाला, मुलगे शिबिराला गेले आणि आपण 'पुढच्या वर्षी' ऐकून राहिलो. तू म्हणालीस की मुख्याध्यापकांकडे जाऊ, कोणाच्या तरी आईला सोबत न्यायची परवानगी मागू. मी संघनायक असून तुझ्याबरोबर आले नाही. "मोठ्यांना उलट बोलायचे नाही," असे तुला वर सुनावले. तू होळीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस, माझा वॉगल, ती स्कार्फची कडी, काढून घेतलास आणि तो आजतागायत परत केला नाहीस. त्यावर मी दंडोबाच्या डोंगरावर तू शिजवलेल्या खिचडीची कथा सगळ्या वर्गाला सांगितली होती. खिचडी करपली होती यावर मी अजूनही ठाम आहे. बाकीच्या बाबतीत तू बरोबर होतीस. मी भित्री होते, आणि हे तुला सांगायला मला इतकी वर्षे लागली.

बाईंनी आपल्याला सांगितलेली क्रिस्टल पॅलेसची गोष्ट तुला आठवते का? १९०९ साली लंडनला स्काउट मुलांचा मेळावा भरला, तिथे काही मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हालाही यात घ्या म्हणाल्या. पुढच्याच वर्षी गाइडची चळवळ निघाली आणि स्काउटचे संस्थापक बेडन पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस यांनी ती हाती घेतली. १९११ साली ती आपल्याकडे जबलपूरला पोहोचली. लहानपणी मला त्यात त्या मुलींचे धाडसच तेवढे दिसायचे. आता वाटते, अ‍ॅग्नेस यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते आणि त्या वयात त्यांनी हे अंगावर घेतले, म्हणून त्या मुलींच्या धाडसाचे काही तरी झाले. आपण दोघी तर अजून पन्नाशीच्या अलीकडे आहोत.

गुरुवारी संध्याकाळी मी हरिपूरला त्या मुलीच्या घरी गेले. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हमाली करतात. मला वाटले होते की मुलगी चार रात्री बाहेर राहणार म्हणून त्यांचीच कुरकुर असेल. तसे काही नव्हते. ते म्हणाले, "बाईमाणूस संगं असलं, तर कुठंबी धाडतो." मुलीने राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जावे अशी त्यांची इच्छा आहे, कारण रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाइडसाठी वेगळा कोटा असतो हे त्यांना मिरजेत कोणी तरी सांगितले आहे. आईने २०१९ च्या पुराची आठवण काढली. आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते, तेव्हा शेजारची मोठी मुलगी गाइडमध्ये शिकलेल्या गाठींनी सामान बांधून माळ्यावर चढवत होती. ते पाहूनच तिने आपल्या मुलीचे नाव घातले. आपल्या मुलींना संधी हवी हे या घराला पुरते कळलेले आहे, सुमे. समजूत घालायची गरज असेलच, तर ती तुझी-माझी आहे.

म्हणून मी ठरवले आहे. प्रौढांसाठी बेसिक कोर्स असतो, सात दिवसांचा, निवासी. त्यानंतर काही काळ पथक चालवायचे, मग अ‍ॅडव्हान्स्ड, आणि जमलेच तर पुढे हिमालय वुड बॅज. त्यासाठी कधी पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात जायला मिळाले, तर मला फार आनंद होईल. पण ते पुढचे. पतसंस्थेत सात दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आहे. आईंना विचारताना माझा आवाज बारीक झाला होता. त्या म्हणाल्या, "जा, माझ्या गुडघ्याला तू घरी असून काय करतेस?" शाळेच्या मुख्याध्यापिकांनीही होकार दिला आहे.

अडचण एवढीच की एका स्त्रीवर पथक उभे राहत नाही. कंपनीत, म्हणजे एका पथकात, बत्तीसपर्यंत मुली असू शकतात, संघ सहा ते आठ जणींचा. आणि एकटी बाई आजारी पडली की काय होते, हे तर आपण भोगलेले आहे. प्रत्येक पथकामागे निदान दोन प्रशिक्षित स्त्रिया हव्यात, हेच मला या चार दिवसांत पुनःपुन्हा पटले. दुसरी म्हणून माझ्या डोळ्यांसमोर फक्त तू येतेस. तू पुण्यात नोकरीला असताना विश्रांतवाडीच्या 'संगम' केंद्रात मला नेले होतेस. १९६६ पासून तिथे देशोदेशीच्या गाइड येऊन राहतात, हे ऐकल्यावर तूच म्हणाली होतीस की आपणही कधी तरी यात परत यायला हवे. साताऱ्याहून सांगली दूर नाही. कोर्स माझ्याबरोबर कर आणि शिबिराच्या वेळी सोबत चल. पुढेमागे साताऱ्यात स्वतःचे पथक काढलेस तर मी तिकडे येईन. शिक्षिका नसलेल्या स्त्रियांनाही शाळेबाहेरचे खुले पथक चालवता येते, तेव्हा ती सबब सांगू नकोस.

तुझ्या घराचे रंगकाम संपले का? अनिकेतच्या मुलाखतीचे काय झाले ते कळव. भाऊजींच्या बदलीचे ऐकले. ती साताऱ्याबाहेर होऊ नये, असे मी स्वार्थाने म्हणते आहे.

सोबत अर्जाची प्रत ठेवली आहे. फोटो दोन लागतात. शनिवारी मुली मला विचारतील, तेव्हा त्याआधी उत्तर दे. आणि येशील तेव्हा माझा वॉगल घेऊन ये.

तुझीच,
मंदा