अस्वलाच्या पलीकडचा नेल्सन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत शिडाच्या जहाजांवरील मुलांविषयीचा लेख मी नातवाला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातला होरेशिओ नेल्सन, पुढे इंग्रजी आरमाराचा गाजलेला सेनापती, चौदाव्या वर्षी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर जातो, वडिलांना कातडे न्यायचे म्हणून बर्फावर अस्वलाच्या मागे लागतो आणि पुढच्याच परिच्छेदात १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत धारातीर्थी पडतो. नातू खूश झाला. मला मात्र चुकल्यासारखे वाटत राहिले, कारण मधल्या ज्या तीन वर्षांना लेखाने हातच लावला नाही, ती आपल्या समुद्रातली आहेत. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी खलाशी म्हणून जहाजावर चढलो आणि आयुष्य दर्यावरच काढले, म्हणून हे पत्र.

नेल्सन नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली. मामा मॉरिस सकलिंग आरमारात कॅप्टन. बाराव्या वर्षी पोर त्याच्याकडे सोपवले गेले, तेव्हा ‘सगळ्या भावंडांत हाच अशक्त, यालाच का पाठवता?’ असे मामाने विचारले होते. समुद्र त्याला लागायचा, आणि तो जन्मभर लागत राहिला. हे मुलांना जरूर सांगा. पहिल्या सफरीत ओकाऱ्या काढणाऱ्या पोराला ‘तुझ्याच्याने हे व्हायचे नाही’ असे सांगणारे आजही भेटतात.

१७७३ च्या अखेरीस तो ‘सीहॉर्स’ या २४ तोफांच्या जहाजावरून हिंदुस्थानाकडे निघाला. वय पंधरा. काम पुढच्या डोलकाठीवर. ज्यांनी शिडाचे जहाज फक्त चित्रात पाहिले आहे त्यांच्यासाठी सांगतो: शीड आवळायचे म्हणजे शिडाच्या आडव्या लाकडावर पोटाने ओणवे व्हायचे, पाय खाली लोंबणाऱ्या एका दोरावर, आणि वाऱ्याने फुगून लाकडासारखे टणक झालेले कापड दोन्ही हातांनी ओढून घ्यायचे. जहाज डुलले की डोलकाठीचा शेंडा कितीतरी जास्त झुलतो. पाऊस असो, रात्र असो, वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार तासांचा. तो हिशोब आमच्या वेळीही तोच होता. झोपायला झोळी, खायला दगडासारखे बिस्कीट आणि खारवलेले मांस, प्यायला पिंपात महिनोन्‌महिने साठवलेले पाणी.

१७७५ च्या सुरुवातीला या जहाजावर कंपनी सरकारचा पैसा मुंबईला पोचवण्याचे काम आले. आपल्या इतिहासात तो काळ कोणता, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते. इंग्रजांनी ठाणे नुकतेच घेतले होते, राघोबादादांना हाताशी धरले होते आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटत होते. वाटेत १९ फेब्रुवारीला हैदर अलीच्या दोन गलबतांशी गोळागोळी झाली. नेल्सनने पाहिलेली ही पहिली लढाई. म्हणजे आमच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या आरमारातला हा पोर, आणि तरीही त्याच्या पुढच्या हालांविषयी वाचताना माझा जीव त्याच्यासाठी तुटतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला कसले आले राजकारण!

पुढे ‘बंगालपासून बसऱ्यापर्यंत’ तो हिंडला. हे शब्द त्याचेच, १७९९ साली लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तातले. १७७६ च्या सुरुवातीला तापाने त्याला असे गाठले की अंगात काही उरले नाही. बहुतेक हिवतापच. मार्चमध्ये त्याला ‘सीहॉर्स’वरून उतरवून ‘डॉल्फिन’ जहाजाने इंग्लंडला धाडले. सहा महिन्यांचा प्रवास. या जहाजाचा कॅप्टन जेम्स पिगॉट. त्याच्या मायेमुळे आपला जीव वाचला, असे नेल्सनने त्याच आत्मवृत्तात स्वच्छ लिहून ठेवले आहे. अस्वलाची गोष्ट त्याच्या तेव्हाच्या कॅप्टनने कितीतरी वर्षांनी सांगितली, ती सगळ्या जगाला पाठ. पिगॉटचे नाव मात्र कोणी घेत नाही.

ते नाव का घ्यावे, हे आकड्यांवरून कळेल. १७५६ ते १७६३ च्या युद्धात इंग्रजी आरमारात सुमारे १,८५,००० माणसे भरती झाली. लढाईत पडली १,५१२. रोगाने मेलेली किंवा बेपत्ता झालेली १,३३,००० हून अधिक. बेपत्तांमध्ये पळून गेलेलेही आले, तरी जहाजावर तोफेपेक्षा तापाचे भय मोठे होते हे उघड आहे. अशा वेळी आजारी पोराची विचारपूस करणारा कॅप्टन मिळणे हे नशीबच.

माझी पहिली सफर बसऱ्याचीच. बंदराबाहेर नांगर टाकून आम्ही पाळीची वाट पाहत होतो आणि मी तापाने फणफणलो होतो. घरी पत्र पोचायलाही महिना. आमचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, राजापूरकडचे; आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. स्वतःचा वॉच संपवून ते रोज माझ्या बंकाशी बसत आणि मीठ घातलेली तांदळाची पेज पाजत. मी कामावर जायचा हट्ट धरला की म्हणत, “दर्या कुठं पळत नाय रे पोरा. आधी पेज पी.” आठव्या दिवशी मी उभा राहिलो. चाचा आता नाहीत. त्यांचे नाव कुठल्या पुस्तकात येणार नाही, म्हणून पिगॉटचे नाव दिसले की मला त्यांचा खरबरीत हात आठवतो.

नेल्सन इंग्लंडला पोचला तो सप्टेंबर १७७६ मध्ये, बराचसा बरा होऊन. एप्रिल १७७७ मध्ये, अठराव्या वर्षी, लेफ्टनंटची परीक्षा उत्तीर्ण झाला. नियमाने वय वीस लागत होते.

माझी विनंती एवढीच आहे. बालपुरवणीत पुढच्या वेळी अशी गोष्ट छापाल तेव्हा अस्वल ठेवा, मुलांना ते आवडते. पण त्याशेजारी मार्चच्या उन्हात मुंबईहून निघालेल्या त्या जहाजावरचे आजारी पोर आणि त्याच्याकडे लक्ष देणारा कॅप्टन यांनाही जागा द्या. कोकणातून आजही पोरे बोटीवर जातात. त्यांच्या घरी आपला पेपर येतो.

आपला वाचक,
एक निवृत्त खलाशी, रत्नागिरी