कानामागची पट्टी आणि लाळेचा प्रश्न

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) असलेल्यांची लाळ गळते ती बहुधा जास्त तयार होते म्हणून नव्हे, तर तोंडाच्या व घशाच्या स्नायूंवर पुरेसा ताबा नसल्याने वेळेवर गिळली जात नाही म्हणून. हे ठाऊक नसलेले लोक मात्र पालकांनाच स्वच्छतेचे धडे देतात. मूळची प्रवासातील मळमळीवरची हायोसिन या औषधाची पट्टी लाळही कमी करते, म्हणून लाळ गळण्यावर काही डॉक्टर ती सुचवतात. कानामागच्या कोरड्या त्वचेवर लावलेल्या या पट्टीतून सुमारे ७२ तास औषध हळूहळू शरीरात जाते, आणि ज्याला गोळीही गिळता येत नाही त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे. परंतु पट्टी साधी दिसते म्हणून औषध सौम्य समजू नये. बद्धकोष्ठता, लघवी अडणे, गुंगी, गोंधळलेपणा हे त्रास संभवतात. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत ते ओळखायचे कोणी? घाम कमी झाल्याने उकाड्यात अंगातली उष्णताही वाढू शकते. पट्टी हाताळून न धुतलेला हात डोळ्याला लागला, तर बाहुली विस्फारून अंधुक दिसते, आणि हे काळजी घेणाऱ्यालाही होऊ शकते. पट्टी लिहून देतानाच ही माहिती सोप्या मराठीत, लेखी स्वरूपात हाती द्यावी, अशी डॉक्टरांना व औषधविक्रेत्यांना विनंती आहे.

आपला,
एक पालक