‘सुवर्णयुगा’तला सरकारी पैसा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेवरचा लेख वाचला. लांबलचक गाड्या, फ्रिज, घरापुढची हिरवळ हे चित्र लेखकाने झकास रंगवले आहे. पण सरकारने लुडबुड केली नाही, लोक राबले आणि त्यातून मध्यमवर्ग उभा राहिला, हा निष्कर्ष इतिहासाला धरून नाही.

जून १९४४ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जीआय बिल’वर सही केली. परतणाऱ्या सैनिकांना कॉलेजची फी, राहण्याखाण्याचा भत्ता, घरकर्जाला सरकारची हमी आणि काम मिळेपर्यंत जास्तीत जास्त वर्षभर आठवड्याला २० डॉलर अशी ती योजना होती. सुमारे २२ लाख माजी सैनिक तिच्यामुळे कॉलेजात गेले. १९५६ मध्ये ४१ हजार मैल महामार्गांचा कायदा झाला, त्यातला ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवर हे रिपब्लिकन, आणि त्यांच्याच कारकिर्दीत सर्वांत वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर ९१ टक्के प्राप्तिकर होता! त्या टप्प्यात फार थोडे लोक येत, हे मान्य. तरीही याला ‘सरकार बाजूला राहिले’ असे म्हणता येत नाही.

लेखात कृष्णवर्णीय भेटतात ते फक्त जॅझच्या परिच्छेदात. ज्या लेव्हिटटाउन या उपनगराचे लेखकाला एवढे कौतुक, तिथे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून १७ हजारांवर घरे बांधली गेली. सुरुवातीच्या करारात स्वच्छ लिहिलेले होते की, गोऱ्यांखेरीज कुणीही या घरात राहता कामा नये. घरकामाला ठेवलेली माणसे मात्र गोरी नसली तरी चालतील. अशी कलमे न्यायालयांना राबवता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, पण बिल्डर विकेना आणि बँक कर्ज देईना. गृहकर्जांचा विमा उतरवणारी सरकारी यंत्रणाच कृष्णवर्णीय वस्त्यांना धोक्याच्या मानत होती. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली. माजी सैनिकांना सरकारी हमीवर मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आली होती दोन. युद्ध दोघांनी लढले, कायद्यात हक्कही दोघांना सारखाच होता; कर्जाच्या अर्जावर सही करणारा माणूस मात्र गावातलाच गोरा बँकवाला होता. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा घराबाहेर जमाव जमून दगडफेक झाली. महामार्गांनी उपनगरे जवळ आणली खरी, पण सेंट पॉल शहरातल्या रोंडोसारखी नांदती कृष्णवर्णीय वस्ती मधोमध चिरूनच ते गेले.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थलांतरासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला, आणि त्याच लाटेत ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यानंतर आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जाऊ लागले आणि मंडळे, गणेशोत्सव, मराठी शाळा उभ्या राहिल्या. सुट्टीवर आलेली आपली भाचे-पुतणे मंडळी ‘आम्ही गुणवत्तेवर गेलो’ म्हणतात, ते खोटे नाही. पण गुणवत्ता १९५५ मध्येही होतीच की! दार उघडण्यात १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मा शहरात कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी मोर्चा काढून पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाणाऱ्यांचा वाटा होता, हे तिकडच्या आणि इकडच्याही मराठी घरांत क्वचितच बोलले जाते.

आपला हा धागा त्याहून जुना आहे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. डु बॉइस यांनी उत्तरही पाठवले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन.

लेखकाने उत्तरार्ध लिहिण्याचे आश्वासन दिले आहे. त्यात महामार्गांचे आणि मॉलचे पुन्हा वर्णन नको. आंबेडकर-डु बॉइस पत्रव्यवहार उपलब्ध आहे, तो आपण मराठीत छापावा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे