बाबा, कानाचं मशीन ड्रॉवरमधून काढा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, फोन केला की बाबा दोन वाक्यं बोलून तुझ्या हातात देतात, म्हणून या वेळी पत्र. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे त्यांना.

बाबा, परवा इथल्या विद्यापीठाच्या वाद्यवृंदाची आणि गायकवृंदाची मैफल ऐकली. अशी मैफल समोर बसून पहिल्यांदाच. वाजवणारे बहुतेक विद्यार्थी, कुणी मेडिकलचे, कुणी फिजिक्सचे. गाणाऱ्यांत प्राध्यापक होते, ऑफिसातली माणसं होती, आणि आई, तुझ्या वयाच्या कितीतरी बायका होत्या.

बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराची नववी सिंफनी होती, म्हणजे वाद्यवृंदासाठीची चार भागांची मोठी रचना, साधारण ७० मिनिटांची. गाणारे तीन भाग संपेपर्यंत मागे गप्प बसून असतात आणि चौथ्या भागात उठतात. मधे कुणी टाळी वाजवत नाही, दाद देत नाही. बाबा, तुम्हाला हे जमलंच नसतं. देशपांडे सभागृहात तुमचं ‘क्या बात है’ थेट स्टेजपर्यंत जायचं.

चौथ्या भागातली ती प्रसिद्ध चाल आधी फक्त चेलो आणि डबल बास वाजवतात. तंतुवाद्यांतली सगळ्यांत खर्जातली, अगदी हळू, कुणाचीही साथ नाही. मग व्हायोला येतात, मग व्हायोलिन, मग सगळा वृंद. माझे डोळे तिथेच भरून आले. वयानं कान जातात तेव्हा आधी वरचे स्वर जातात, खर्ज जास्त टिकतो. म्हणजे ही चाल तुमच्यापर्यंत पोचली असती. शेवटाकडचे पिकोलो (छोटी, उंच स्वराची बासरी) आणि ट्रँगल मात्र मशीनशिवाय निसटले असते.

आणि ते गाणं! आपल्या समूहगीतात सगळे एकच चाल गातात. इथे बायकांचे दोन गट, पुरुषांचे दोन, आणि चौघांच्या ओळी एकाच वेळी वेगवेगळ्या. आई, मी सारखी बायकांच्या खालच्या पट्टीतल्या गटाकडे बघत होते. त्यांची ओळ मधे दडलेली असते, पटकन कानात भरत नाही, पण ती काढली तर सगळं पोकळ होईल.

ही सिंफनी ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा झाली, तेव्हा बेथोव्हेन जवळजवळ पार बहिरा झाला होता. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्याला पत्ताच नव्हता. कारोलिना उंगर या गायिकेनं त्याला प्रेक्षकांकडे वळवलं, तेव्हा त्याला त्या दिसल्या. पण बाबा, मला त्याहून जास्त लागलं ते त्याचं १८०२ सालचं भावांना लिहिलेलं पत्र. वय ३१. जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही, एवढं लोकांना सांगणं त्याला अशक्य वाटत होतं, म्हणून तो माणसांतूनच उठला. पुढे त्यानं कानाला लावायचे कर्णे करून घेतले आणि वापरलेही.

तुम्ही वसंतराव देशपांडेंच्या स्मृतिसमारोहाला जाणं बंद केलंत, ते गर्दीमुळे नाही हे मला माहीत आहे. मशीन लावलं की गाणं पत्र्यासारखं वाजतं, हे तुमचं म्हणणंही खरंच आहे. ही मशीनं बोलणं ऐकण्यासाठी लावलेली असतात. हळू आवाज वर उचलतात, मोठा दाबतात, आणि गाण्यातला चढ-उतारच जातो. पण बऱ्याच मशीनमध्ये संगीतासाठी वेगळं सेटिंग करता येतं. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाला, मुद्दाम सांगावं लागतं, आपण सांगितलं नाही तर ते बोलण्यापुरतंच लावून देतात.

आई, या आठवड्यात वेळ घे. जाताना बाबांच्या आवडीचं एखादं रेकॉर्डिंग मोबाइलवर ने आणि तिथेच लावायला सांग. तबल्याची चाट आणि तानपुरा नीट ऐकू येईपर्यंत उठू नका. एका खेपेत जमलं नाही तर पुन्हा जा. पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको. ३० जुलैला वसंतरावांचा स्मृतिदिन, त्याच्या आत झालं तर या वर्षी समारोहाला दोघं जाल.

तुमची लेक