कॉर्डलेस फोन बिघडत नाही, सेल संपतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ई-कचऱ्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते, पण सगळी चर्चा मोबाइल आणि संगणकांची. घरातल्या कॉर्डलेस फोनची दखल कोणी घेत नाही. हा फोन पुष्कळदा धडधाकट असतानाच भंगारात जातो. त्याचा दोष वापरणाऱ्यापेक्षा माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या बारीक अक्षरांतल्या पानांचा जास्त आहे, असे माझे मत आहे.

नेहमीचे दुखणे ठरलेले असते. रात्रभर बेसवर ठेवलेला हँडसेट सकाळी पूर्ण चार्ज झाल्याचे दाखवतो आणि बोलणे जरा रंगात आले की टूं-टूं करून बंद पडतो. घरातले म्हणतात, फोन गेला. मागचे झाकण सरकवून पाहावे, तर बहुतेक हँडसेटमध्ये ट्रिपल-ए आकाराचे दोन निकेल मेटल हायड्राइड सेल असतात, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. वर्षानुवर्षे चार्ज होऊन तेच थकलेले असतात. तसलेच नवे घातले की फोन पुन्हा चालू. मात्र टीव्हीच्या रिमोटमधले १.५ व्होल्टचे अल्कलाइन सेल चुकूनही घालू नयेत. बेस त्यांनाही चार्ज करू पाहतो, मग ते गळतात, कधी फुटतातही. इतकी महत्त्वाची सूचना झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक छापायला काय हरकत आहे? काही कंपन्या छापतात, पण प्लॅस्टिकवर त्याच रंगात उठवलेली अक्षरे चष्मा लावूनही दिसत नाहीत.

वॉरंटीचे पान तर वगळलेल्या गोष्टींचीच यादी असते. वीज पडून झालेले नुकसान नाही, पाणी गेले तर नाही, दुसऱ्याचा अडॅप्टर लावला तर नाही, बाहेर उघडून घेतला तर नाही. आणि जे सर्वांत आधी संपणार, ते सेल अनेकदा ‘झिजणारा भाग’ म्हणून बाहेर. तारखेची पावती मात्र हवीच. थर्मल कागदावरची पावती वॉरंटी संपायच्या आधीच कोरी होते, म्हणून तिचा फोटो काढून ठेवलेला बरा.

परदेशातून कोणी भेट आणलेल्या फोनचे आणखी वेगळे. वॉरंटी बहुधा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते, आणि लहरींचा पट्टाही देशागणिक बदलतो. डेक्ट या डिजिटल कॉर्डलेस पद्धतीचे फोन युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतात, अमेरिकेत १९२० ते १९३० वर. एकीकडचा फोन दुसरीकडे लावला तर तो तिथल्या मोबाइल सेवेत व्यत्यय आणू शकतो, म्हणून तो वापरणेच बेकायदा ठरते. ‘नियमांचे पालन’ या शीर्षकाखालचा मजकूर अशा कामाचा असतो, पण लिहिलेला असतो वकिलांसाठी. अमेरिकी फोनवरचे प्रसिद्ध वाक्य पाहा: या उपकरणाने इतरांना त्रासदायक व्यत्यय आणू नये आणि इतरांचा व्यत्यय मात्र निमूट सोसावा. म्हणजे शेजारच्या यंत्राने खरखर झाली तर दाद कुठे मागायची, हे ग्राहकाने ओळखून घ्यायचे!

विल्हेवाटीच्या बाबतीत सगळा भार एका चित्रावर टाकलेला असतो, फुली मारलेली चाकांची कचरापेटी, म्हणजे ही वस्तू नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. खाली जाड काळी पट्टी असेल तर वस्तू १३ ऑगस्ट २००५ नंतर युरोपच्या बाजारात आलेली, हे किती जणांना ठाऊक असेल? सेलवर त्या पेटीखाली कॅडमियमची ‘सीडी’ ही अक्षरे दिसली तर जास्त जपायला हवे. जुन्या हँडसेटमधल्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये हा विषारी धातू असतो. फोन भंगारात देण्याआधी सेल वेगळे काढावेत, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि ते बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रातच द्यावेत.

एक गोष्ट मात्र विल्हेवाटीच्या पानावर सहसा नसते. हँडसेटमध्ये नावे, नंबर आणि आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी तशीच राहते. बेसमध्ये उत्तरयंत्र असेल तर घरच्यांचे आवाजही. हे सगळे पुसायची पद्धत मेन्यूत असते, फक्त ती सेटिंगच्या प्रकरणात कुठेतरी दडलेली असते. ती विल्हेवाटीच्या पानावर आणायला कंपन्यांना दोन ओळी पुरतील.

आपला,
एक वाचक